मुद्रांकित रांजणांची कुळकथा

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे आज केळणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. परंतु सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत ज्याचे नाव येते आणि प्रतिष्ठानाहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर जे वसले होते, ते भोगवर्धन हेच. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ साली डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांची नाणी आणि मणी यांच्याबरोबर हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो खंडित भाग मिळाला, त्याचे साम्य इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई नगरीतील भारतीय मूर्तीशी आहे. एवढ्या लांबच्या पल्ल्याच्या व्यापारात माल कोणाचा, कोठला आणि वाटेत कोणी हात घातला की काय, हे प्रश्न पावलोपावली उठणारच. आणि मुद्रेचे मूळ, माझ्या मते, या अविश्वासातच आहे.

कौटिल्याचा शुल्काध्यक्ष, ज्याला पुढील अमदानीत जकातीचा कमाविसदार म्हटले असते, नाक्यावर आलेल्या मालावर आधी मुद्रा आहे की नाही हे पाहतो; नसेल तर जकातीच्या दुप्पट आणि खोटी आढळली तर आठपट दंड, असा त्याचा सक्त कायदा आहे. ही मुद्रा बहुधा ओल्या मातीच्या गोळ्यावर उठविलेली असे, आणि माल उतरला की गोळा फुटून मातीस मिळे. लोथल येथील हडप्पाकालीन कोठाराला आग लागली नसती, तर तेथील साठाहून अधिक मुद्रांकने अशीच नाहीशी झाली असती. ज्या आगीत माल खाक झाला, तिनेच ती भाजून पक्की केली, आणि त्यांच्या पाठीवर कापडाचे, चटईचे व दोरीचे ठसे आजही स्पष्ट दिसतात.

रांजणाच्या ओल्या कानावर ठसा उमटवून तो भट्टीत भाजावा, ही युक्ती याहून निराळी. कारण गोळ्यावरील मुद्रा भरलेल्या मालाची साक्ष देते, तर कानावरील मुद्रा रिकाम्या रांजणाच्या घडणीची. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस यहुदा राज्यात सुमारे ४५ लिटर मावणाऱ्या रांजणांच्या कानांवर पंखयुक्त चिन्ह, वर ‘राजाचे’ हा शब्द आणि खाली चारांपैकी एका गावाचे नाव, असा ठसा उमटविला जाई. ऐनजिनसी वसूल आणि सरकारी रसद यांच्याशी त्याचा संबंध जोडतात. योगायोग असा, की भोकरदनला कुदळ लागली त्याच १९७३ साली पुरातत्त्वज्ञ डेव्हिड उसिश्किन यांनी यहुदातील लाखीश नगराच्या टेकडीवर उत्खनन आरंभिले, आणि असे रांजण अश्शूरच्या सेन्नाखेरीबाने इ. स. पू. ७०१ मध्ये बेचिराख केलेल्या थरात मिळाल्यामुळे त्यांचा काळ निश्चित झाला. मग २०१७ साली, इ. स. पू. आठव्या ते दुसऱ्या शतकांतील ६७ मुद्रांकित कान तपासून, माती भाजून निवताना तिच्यात गोठलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय बलाची चढउतारही शास्त्रज्ञांनी मांडली. जुन्या कोठीवाल्यास हे सांगितले असते, तर त्याने आपल्याला वेड्यात काढले असते.

आपल्या दक्षिणेचे कालगणित मात्र रांजणावर नव्हे, ताटल्यांवर बसविले गेले. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूस १९४५ साली उत्खनन करताना मॉर्टिमर व्हीलर यांना इटलीतील आरेझोच्या कुंभारांचे नाममुद्रित तुकडे सापडले, आणि त्यांच्या आधारे शेजारच्या चक्रांकित भांड्यांना इसवी सनाच्या प्रारंभीचा काळ देऊन त्याच मापाने दख्खनचे अनेक थर मोजण्यात आले. पुढे पुरातत्त्वज्ञ विमला बेग्ले यांनी ती भांडी आरेझोच्या मालाच्या आधीपासून प्रचारात असल्याचे दाखविले, आणि त्यांचा आरंभ दोनअडीच शतके मागे गेला. आरेझोच्या कुंभाराची मुद्रा खरीच होती, तिच्या जोरावर बिनमुद्रेच्या शेजाऱ्याला दिलेला दाखला तेवढा फिरवावा लागला.