आर्क्टिक बोटीवरच्या बायका

'आधी बायका-मुलं' हा बोटीवरचा रिवाज आपल्याला टायटॅनिकच्या सिनेमामुळे तोंडपाठ झाला. पण त्याच्या ५८ वर्षं आधी बुडालेल्या एका आगबोटीची हकिकत वाचली आणि हातातला चहा तसाच निवला. वाचलेल्यांत एकही बाई नव्हती. एकही मूल नव्हतं.

आर्क्टिक ही अमेरिकेतल्या कॉलिन्स कंपनीची बोट. लाकडी, दोन्ही अंगांना मोठाली चाकं. लिव्हरपूल ते न्यूयॉर्क टपाल नेण्याबद्दल सरकार कंपनीला पैसे देई, आणि इंग्रजांच्या क्यूनार्ड कंपनीला मागे टाकायचं ही ईर्षा. म्हणून धुकं असलं तरी वेग कमी करायचा नाही, अशी रीतच पडली होती. आपल्याकडे मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात, चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. इथे समोरचं काही दिसत नसताना बोट भरधाव!

२७ सप्टेंबर १८५४ च्या दुपारी, न्यूफाउंडलंडच्या केप रेसपासून सुमारे ५० मैलांवर, धुक्यातून व्हेस्टा ही लहानशी लोखंडी फ्रेंच आगबोट एकदम पुढ्यात आली. टक्कर झाली. व्हेस्टाचं नाकच तुटलेलं पाहून कप्तान जेम्स ल्यूस यांना वाटलं, तीच बुडणार. त्यांनी मदतीला एक होडीही सोडली. मग कळलं, भोकं आपल्याच बोटीला पडलीत, तीही पाण्याखाली. झालं, होडी तिथेच सोडून किनाऱ्याकडे धाव. पण पाणी भट्ट्यांपर्यंत चढलं, आग विझली, चाकं थांबली.

माणसं चारशेच्या आसपास, आणि सहा होड्यांत मिळून जागा सुमारे १८० जणांची. कप्तान ओरडत राहिले, पण खलाशी आणि भट्टीवाले आधी होड्यांत उतरले. ज्यांच्या हाताला ताकद ते पुढे, लुगडं-झग्यातली, कडेवर पोर असलेली मागे. हे काय नवीन आहे का? पण सगळेच तसे नव्हते. स्टुअर्ट हॉलंड हा इंजिनखात्यातला उमेदवार पोरगा शेवटपर्यंत इशाऱ्याची तोफ डागत राहिला आणि बोटीबरोबरच गेला. फळ्या-दोरांच्या तराफ्यावर सत्तरेक जण चढले होते. दुसऱ्या दिवशी त्यावर एकच जिवंत होता.

कंपनीचे मालक एडवर्ड कॉलिन्स यांची पत्नी आणि दोन मुलंही त्याच बोटीवर होती. तीही गेली. मालकीणबाईसुद्धा वाचल्या नाहीत!

वाचले सुमारे ८५ जण, त्यांतले साठाहून अधिक बोटीवरचेच नोकर. सरकारी चौकशी झाली नाही. आणि व्हेस्टा? आत आडव्या भिंती होत्या, त्यांनी पाणी अडवलं. तुटक्या नाकाने ती सेंट जॉन्स बंदरात पोचली.

ल्यूस यांनी अकरा वर्षांच्या आजारी मुलाला हवापालट म्हणून बरोबर आणलं होतं. बोट बुडाल्यावर चाकावरचं लाकडी आच्छादन सुटून उसळून वर आलं आणि त्या मुलावरच आदळलं. त्याच आच्छादनाला धरून बाप दोन दिवस तरंगला आणि वाचला. पुढे ते एका विमा कंपनीत बोटी तपासायचं काम करत, बोट मात्र पुन्हा चालवली नाही.