खासगी मोटारींचा भाडे-व्यवहार (ॲपद्वारे)

स्वतःची मोटार वापरात नसेल तेव्हा ॲपच्या मध्यस्थीने ती अनोळखी चालकाला काही तास वा दिवसांसाठी भाड्याने देण्याची पद्धत. गाडी मालकाचीच राहते. चालकाच्या परवान्याची पडताळणी, पैशांची वसुली आणि बहुधा विम्याची सोय कंपनी पाहते व भाड्यातून आपला वाटा कापून घेते. अमेरिकेत २००९ मध्ये स्थापन झालेली रिलेराइड्स ही या क्षेत्रातील आद्य कंपन्यांपैकी एक. २०१५ मध्ये तिचे नाव टुरो झाले.

व्यवहाराचा खरा आधार म्हणजे ताबा देता-घेताना काढलेली छायाचित्रे. चारही बाजू, चाकांच्या कडा, बंपरवरचे जुने ओरखडे, किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा यांतले काही टिपायचे राहिले, तर नुकसान कोणी केले हा वाद मिटणे अवघड. त्याहून गंभीर प्रश्न विम्याचा. घरगुती वापराच्या पॉलिसीत भाड्याचा वापर सहसा बसत नाही. म्हणूनच, केवळ गाडी अशी दिली एवढ्यावरून मालकाची पॉलिसी रद्द होऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये केला. इतरांनी अनुकरण करावे असेच ते पाऊल होते.

भारतात झूमकारने आधी स्वतः भाड्याच्या गाड्या चालवल्या आणि पुढे मालकांच्या गाड्या ॲपवर घेतल्या. येथील अडचण नोंदणीची आहे. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लागतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे नियमात बसत नाही. गोव्यात पर्यटकांकडून अशा गाड्यांना मोठी मागणी असते आणि वाहतूक खात्याची कारवाईही तिथे होते.