मैदानाचं काम निघालं, मग संघ कुठं जाणार? बास्केटबॉल खेळणाऱ्या मुला-मुलींनी आणि पालकांनी माहीत ठेवावं असं

हिंगोली : महाविद्यालयाच्या बास्केटबॉल कोर्टचं काम मंजूर झालं की सगळ्यांना आनंद होतो. नारळ फुटतो, फोटो निघतात. पण दुसऱ्या दिवशी गेटला साखळी लागते आणि पोरं बाहेर बॉल घेऊन उभी राहतात. काम किती महिने चालेल, तोवर सराव कुठं करायचा, हे बहुतेक वेळा कुणी ठरवलेलंच नसतं. निविदेत खडी, सिमेंट, रंग सगळं असतं. खेळणाऱ्यांची सोय मात्र त्यात नसते.

ही गोष्ट लहान वाटते, पण खेळाडूचं वय कामासाठी थांबत नाही. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. विद्यापीठांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला 25 वर्षांची मर्यादा आहे. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. तीन वर्षांच्या पदवीत कोर्ट दीड वर्ष बंद राहिलं, तर त्या मुलाची महाविद्यालयाकडून खेळायची निम्मी संधी गेली. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. या दोन्हींसाठी ठराविक पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि सराव बंद पडला की तिथवर पोचणंच अवघड होतं.

वानखेडे बंद होतं, तेव्हा काय केलं?

आपल्या राज्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण मुंबईच्या वानखेडे स्टेडियमचं. ते 1974-75 मध्ये जेमतेम तेरा महिन्यांत उभं राहिलं. 2011 च्या विश्वचषकासाठी ते मोठ्या प्रमाणात पाडून नव्यानं बांधायचं ठरलं. मग मुंबईतले सामने कुठं होणार?

सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर गेले. हे जुनं स्टेडियम चर्चगेटच्याच भागात, वानखेडेपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गंमत अशी, की ब्रेबॉर्नवाल्या क्लबशी तिकिटांवरून भांडण झालं म्हणूनच वानखेडे बांधलं गेलं होतं. पण वेळ आली तेव्हा तेच कामाला आलं. डिसेंबर 2009 मध्ये भारत-श्रीलंका कसोटी तिथं झाली. 1973 नंतर ब्रेबॉर्नवर झालेली ती पहिली कसोटी. सेहवागनं त्यात 293 धावा केल्या, भारत डावानं जिंकला आणि कसोटी क्रमवारीत पहिला आला. 2010 ची आयपीएल आली तेव्हा मुंबई इंडियन्सचे घरचे सामनेही ब्रेबॉर्नवरच झाले. अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. मार्च 2011 मध्ये वानखेडेवर पुन्हा सामने सुरू झाले आणि 2 एप्रिलला तिथंच भारतानं विश्वचषक जिंकला.

बास्केटबॉलमधलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सिएटल शहराचं मोठं इनडोअर स्टेडियम 2018 ते 2021 नूतनीकरणासाठी बंद होतं. तिथला महिलांचा संघ, सिएटल स्टॉर्म, 2018 चा विजेता होता. 2019 मध्ये त्यांनी आपले घरचे सामने विद्यापीठाच्या कोर्टवर आणि शेजारच्या एव्हरेट गावात खेळले. 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात सगळे सामने फ्लोरिडात एकाच ठिकाणी झाले, तेव्हा ह्याच संघानं पुन्हा विजेतेपद घेतलं. म्हणजे घरचं कोर्ट नसताना.

आता कुणी म्हणेल, त्यांच्याकडं पैसा आहे. खरं आहे. पण दोन्हीकडं पर्यायी जागा आधी ठरली होती, ही गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे.

आपल्याकडं जागा किती लागते?

पूर्ण कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतं. चारही बाजूंनी 2 मीटर मोकळी जागा धरली तर 32 बाय 19 मीटर होतं. एवढी सपाट, पक्की जागा गावात सहसा मिळत नाही. पण सराव चालू ठेवायला पूर्ण कोर्ट लागतंच असं नाही.

तीन विरुद्ध तीन असा बास्केटबॉल टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्याला एकच रिंग आणि 15 बाय 11 मीटर जागा लागते. संघात तीन खेळाडू आणि एक बदली. सामना 10 मिनिटांचा, किंवा कुणी 21 गुण केले की संपला. जिल्हा परिषद शाळेच्या अंगणात किंवा मंगल कार्यालयाच्या फरशीवर एक हलता खांब ठेवला की हे होतं. म्हणून जुनं कोर्ट फोडायच्या आधी त्याचे खांब आणि बोर्ड नीट काढून ठेवायला सांगा. गुत्तेदार ते भंगारात टाकतो आणि नंतर सगळे हळहळतात. रिंगची उंची मात्र कुठंही 3.05 मीटर, म्हणजे 10 फूटच ठेवा. कमी उंचीवर सहा महिने सराव केला की मुलांचा नेम बिघडतो आणि तो परत बसवायला तेवढाच वेळ जातो.

पर्यायी जागेसाठी प्राचार्यांनी किंवा शारीरिक शिक्षण संचालकांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला, तालुका क्रीडा संकुल समितीला किंवा शेजारच्या संस्थेला लेखी पत्र द्यावं. पत्रात दिवस, वेळ, खेळाडूंची संख्या आणि किती महिन्यांसाठी हे स्पष्ट असावं. तोंडी परवानगीवर राहू नका. एखाद्या कार्यक्रमाचा मंडप पडला की पहिल्यांदा तोंडी परवानगीवाले बाहेर निघतात.

एसटीचा पास आणि शेवटची गाडी

इथं सगळ्यात जास्त गळती होते, आणि यावर कुणी बोलत नाही.

विद्यार्थ्यांचा एसटी पास गाव ते शाळा-कॉलेज ह्या मार्गाचा असतो. सराव दुसऱ्या ठिकाणी गेला की तिथवरचा पास चालत नाही. मुलींना आणि महिलांना मार्च 2023 पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे थोडं भागतं. मुलांना पूर्ण भाडं पडतं. आठवड्यातले पाच दिवस ते परवडत नाही.

आणि वेळ. सेनगाव किंवा औंढ्याकडच्या एखाद्या खेड्यातली मुलगी चारला कॉलेज सुटल्यावर सराव करून मुक्कामी गाडीनं घरी जात असेल, तर नवी जागा अर्ध्या तासानं लांब गेली की ती गाडी चुकते. मग घरचे म्हणतात, राहू दे आता. माझ्या मते संघ हलवला की मुलींचा संघ आधी मोडतो, आणि त्याचं कारण खेळात नसतं, गाडीच्या वेळेत असतं. म्हणून जागा निवडताना मैदान किती चांगलं हे बघायच्या आधी बसस्थानकापासून किती जवळ हे बघा. मुलींच्या सरावाची वेळ सकाळी, तासिकांच्या आधी ठेवता आली तर उत्तम. चारचौघींच्या पालकांनी मिळून प्राचार्यांना भेटलं तर हे लवकर होतं.

काम कधी आणि कसं?

आपल्याकडं काम दिवाळीनंतर सुरू होऊन मे अखेर संपलं पाहिजे. जूनमध्ये पाऊस लागला की खोदलेल्या जागेत तळं होतं आणि वर्ष वाया जातं. कार्यारंभ आदेश फेब्रुवारीत निघाला असेल, तर आधीच विचारा की पावसाआधी होणार का. होणार नसेल तर जुनं कोर्ट दिवाळीपर्यंत फोडू नका, असं म्हणायचा खेळाडूंना हक्क आहे.

जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की दोन वर्षांत कोर्टला तडे जातात. काळी माती काढून मुरूम भरून रोलरनं थर दाबायला हवेत. पाणी वाहून जायला एका बाजूला शंभराला एक एवढा उतार हवा. काँक्रीटला निदान सात ते दहा दिवस पाणी मारावं लागतं, आणि वरचा रंगाचा थर साधारण 28 दिवसांनी देतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असली की हे 28 दिवस गायब होतात. मग रंगाचे पापुद्रे निघतात आणि कोर्ट परत बंद. कोर्टची लांबी उत्तर-दक्षिण असावी, नाहीतर सायंकाळी एका बाजूच्या संघाच्या डोळ्यात सूर्य येतो.

कामाचं अंदाजपत्रक, मुदत आणि आदेशाची प्रत बघायची असेल तर शासकीय किंवा अनुदानित संस्थेकडं माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. पण आधी जाऊन साधं विचारा. बहुतेक सर लोक कागद दाखवतात.

काम पूर्ण झालं म्हणून सांगितलं की संघ लगेच हलवू नका. फूटपट्टी नको, मोठा टेप घेऊन जा. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर आहे का, तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्यापासून 6.75 मीटर आहे का, खांबांना गादी लावली आहे का, हे बघा. कोर्टवर दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठं साचतं ते पाहा. दोष दुरुस्त करायची गुत्तेदाराची जबाबदारी किती महिने आहे, ते करारात लिहिलेलं असतं. ती तारीख कोर्टच्या भिंतीवर रंगवून घेतली तर पुढच्या बॅचलाही कळेल.