रंगवलेले चेहरे, हरवलेली नावे

मुंबईत १८५४ साली ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. पुढे रस्त्यावरचे भिस्ती, कोळिणी, फेरीवाले छायाचित्रांत आले. कॅमेऱ्याला रंग टिपता येत नसत. कृष्णधवल प्रतीवर कारागीर कुंचल्याने जलरंग भरीत. त्यामुळे लुगड्याचा तांबडा रंग कारागिराचा. टोपली तोलणारी मान मात्र त्या कोळिणीची. विल्यम जॉन्सन यांच्या १८६३ व १८६६ च्या न रंगवलेल्या ग्रंथखंडांत तर माणसांची छायाचित्रे निराळ्याच पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. मथळ्यात जातिजमातीचे नाव आहे, व्यक्तीचे नाही. याउलट आपल्या धर्मग्रामांच्या जुन्या स्नानसंस्कार-नोंदवह्यांत नावे आहेत, चेहरे नाहीत. परमेश्वर प्रत्येकाला नावाने हाक मारतो, ही आपली श्रद्धा. तेव्हा घरातील जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर पूर्वजांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत. सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच.