बापाचा हुकूम मोडणारी ब्रुनहिल्ड

आज युरोपच्या उत्तरेकडची गोष्ट ऐकू या. तिथल्या जुन्या पुराणकथांत वाल्किरी नावाच्या वीरकन्या आहेत. रणात कोण जगेल, कोण पडेल, हे त्या ठरवतात. ब्रुनहिल्ड त्यांतलीच. देव ओडिनने एका राजाला विजय कबूल केला होता. तिने दुसऱ्यालाच जिंकवलं. शिक्षा म्हणून ओडिनने तिला गाढ झोपवलं, वर लग्नाचं फर्मान काढलं. तीही खमकी. म्हणाली, ज्याला भीती ठाऊक आहे, त्याला मी वरणार नाही!

जर्मन संगीतकार वाग्नरने या कथांवर चार ऑपेरा रचले. ऑपेरा म्हणजे संवादही गाऊन म्हणायचं संगीत नाटक. १८७६ साली बायरॉइट गावी चारही भाग लागोपाठ झाले. अमाली मातेर्ना ब्रुनहिल्ड झाली होती.

इथे ब्रुनहिल्ड देवाची लाडकी लेक आहे. बाप ज्याला मारायला सांगतो, त्याची माया पाहून तिला कणव येते आणि ती त्यालाच वाचवू पाहते. बाप तिचं देवपण काढून घेतो. ‘जो उठवेल त्याची बायको हो,’ म्हणतो. ती विनवते, निदान भ्याड माणूस जवळ येऊ नये म्हणून भोवती आग पेटवा. बाप तेवढं ऐकतो.

अखेरीस शापित अंगठी नदीला परत मिळावी म्हणून ती घोड्यासह नवऱ्याच्या चितेत शिरते. देवांचा महालही जळतो.

शेवटचा शब्द तिचाच, पण त्यासाठी तिला जळावं लागलं. सतीची चाल ठाऊक असलेल्या आपल्याला हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. तिची कणव घेऊ या, हिंमत घेऊ या. चिता मात्र नको.