आरोग्यदान : वर्धा जिल्हा

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या रुग्णसेवेची सुरुवात दानातून झाली. कस्तुरबा गांधींच्या निधनानंतर (१९४४) तेथे बिर्लांच्या अतिथिगृहात स्त्रिया व मुलांसाठी छोटा दवाखाना निघाला. पुढे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा हेल्थ सोसायटी (१९६४) आणि महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) उभी राहिली. एकरकमी देणगीतून वास्तू होते. औषधे, सलाईन आणि परिचारिकेचा पगार यांना मात्र दरमहा पैसा लागतो. म्हणून रुग्णसेवेला मोठ्या दात्याइतकीच नियमित, लहान वर्गणीची गरज असते.

सेवाग्राम परिसरातील ज्वारी विमा योजना हा याचा सर्वांत बोलका दाखला. सुगीत शेतकऱ्याने जमिनीच्या मानाने ज्वारी द्यायची, भूमिहीनाने कमी. जमलेल्या धान्यातून गावच्या आरोग्यसेवकाचा व औषधांचा खर्च भागे, आणि अचानक आलेल्या आजारात सभासदाला रुग्णालयात मोफत उपचार मिळत. गरिबाकडून घ्यायचेच कशाला, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पायलीभर ज्वारी देणारा रुग्ण उपचार हक्काने मागतो. फुकट मिळालेल्या सेवेबद्दल तक्रार करायला तोच कचरतो. दानामुळे शासन अंग काढून घेईल, ही भीती अधिक गंभीर. सेवाग्रामची संस्था केंद्र व राज्याच्या अनुदानावरही चालते, आणि ते योग्यच आहे : दुष्काळी वर्षी ज्वारी आटते, आजार आटत नाहीत.