एक ॲप, तीन पेट्या: लिनक्सवरच्या पॅकेजांचा इतिहास आणि आपली निवड

आपण मुकुंदवाडीत बसलो आहोत, तर इथल्या स्टेशनावरच्या रुळांपासूनच सुरुवात करू. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारी ही लाइन टाकली गेली, ती मीटरगेज. मनमाडला येणारी मुंबईची लाइन मात्र ब्रॉडगेज. मग काय व्हायचं? मुंबईहून आलेला माल मनमाडला उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत पुन्हा भरायचा. १९९० च्या दशकात मनमाड ते औरंगाबाद ब्रॉडगेज झालं, तेव्हा ही चढउतार संपली. माल तोच, रूळ वेगळे, आणि मधलं ओझं हमालाच्या पाठीवर. लिनक्सवर सॉफ्टवेअर पोचवण्याचा इतिहास बघताना हाच प्रश्न विचारायचा आहे: मधलं ओझं कोण उचलतं?

डेबियन १९९३ साली सुरू झालं. त्याचं पॅकेज म्हणजे डेब. रेड हॅटने १९९५ साली आरपीएम आणलं. कुठलंही ॲप एकटं चालत नाही, त्याला लायब्रऱ्या लागतात, आणि प्रत्येक डिस्ट्रोत त्यांच्या आवृत्त्या वेगळ्या. म्हणून डिस्ट्रोतले देखभालकर्ते मूळ कोड घेऊन आपल्या रुळांवर बसेल असं पॅकेज बांधायचे. यात मोठा फायदा होता. एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली की ती एका जागी दुरुस्त व्हायची आणि सगळ्या ॲप्सना लाभ मिळायचा. आजही सर्व्हरवर ही पद्धत उत्तम चालते.

अडचण आली ती डेस्कटॉपवरच्या ॲपला. लेखकाने आज नवी आवृत्ती काढली, तरी स्थिर डिस्ट्रो वापरणाऱ्याला ती वर्ष-दोन वर्षांनी मिळायची. लेखकाने स्वतः पॅकेजं बांधायची म्हटलं, तर डेबियन, उबुंटू, फेडोरा, सुसे, प्रत्येकाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी. खुद्द लिनस टोरवाल्ड्सला हे चुकलं नाही. पाणबुड्यांच्या नोंदींसाठी त्याने २०११ साली सबसर्फेस नावाचं ॲप सुरू केलं. २०१४ च्या डेबकॉन्फमध्ये त्याने जाहीर तक्रार केली: विंडोज आणि मॅकसाठी आम्ही तयार ॲप देतो, लिनक्ससाठी देणं मात्र जिकिरीचं होतं. लिनक्स कर्नलच्या जनकाची ही स्थिती असेल, तर आपल्या कॉलेजातल्या चार पोरांच्या प्रकल्पाचं काय?

प्रयत्न आधीही झाले होते. २००१ साली लिनक्स स्टँडर्ड बेसची पहिली आवृत्ती आली, तिने आरपीएमला प्रमाण मानलं. डेबियनवाल्यांनी आपलं डेब सोडलं नाही. ऑटोपॅकेज नावाचा प्रकल्प आला आणि मावळला. सगळ्यांनी एकच रूळ वापरावा, हा आग्रह टिकला नाही. मग विचार उलटा झाला: रूळ राहू देत वेगळे, पेटीच अशी करू की ती कुठल्याही रुळावर चालेल.

अशा तीन पेट्या आज आपल्यापुढे आहेत.

पहिली ॲपइमेज. सायमन पीटर यांनी २००४ साली क्लिक नावाने सुरू केलेल्या कामातून ती पुढे आली. एक ॲप, एक फाइल. उतरवा, चालवायची परवानगी द्या, चालवा. सबसर्फेसनेही पुढे हीच वाट धरली. पण आतल्या लायब्रऱ्यांची जबाबदारी सगळी लेखकावर, सँडबॉक्स आपोआप मिळत नाही, आणि बाहेरच्या सिस्टिमवरचं अवलंबनही पूर्ण सुटत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये फ्यूजची जुनी लायब्ररी सुरुवातीपासून नव्हती, तेव्हा कित्येक ॲपइमेज उघडेनात.

दुसरी स्नॅप, कॅनॉनिकल कंपनीची. २०१६ साली उबुंटू १६.०४ सोबत ती आली. अपडेट आपोआप होतात, सर्व्हरवरची साधनंही तिच्यात बसतात. मात्र स्नॅपचं दुकान कॅनॉनिकलच चालवते, आणि त्याचा सर्व्हरकडचा कोड खुला नाही. लिनक्स मिंटने २०२० साली याच कारणाने स्नॅपला आपल्या दारात अडवलं.

तिसरी फ्लॅटपॅक. रेड हॅटच्या अलेक्झांडर लार्सन यांचं हे काम. २०१६ साली त्याला हे नाव मिळालं आणि २०१८ साली १.० आवृत्ती आली. यात सामाईक लायब्रऱ्यांचा पाया वेगळा असतो, त्याला रनटाइम म्हणतात. पायातली चूक पाया बांधणारे दुरुस्त करतात, लेखकाने फक्त आपलं ॲप बघायचं. फ्लॅटहब हे मोठं दुकान आहे, पण दुसरं कुणीही आपलं दुकान मांडू शकतं. खोट अशी की पहिल्या वेळी रनटाइमसकट शेकडो एमबी उतरवावे लागतात.

म्हणजे बघा, ओझं गेलं कुठेच नाही, त्याने खांदा बदलला. डेबमध्ये ते डिस्ट्रोच्या देखभालकर्त्यावर होतं, ॲपइमेजमध्ये लेखकावर आलं, स्नॅपमध्ये एका कंपनीवर विसंबलं, आणि फ्लॅटपॅकमध्ये लेखक व रनटाइमवाले यांच्यात वाटलं गेलं.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून ओसडॅग हे मुक्त ॲप झालं आहे. आयएस ८००:२००७ या मानकाप्रमाणे पोलादी बांधकामाचं डिझाइन त्यावर होतं. पायथन, त्रिमिती चित्रासाठी जड लायब्रऱ्या, असा त्याचा संसार. असं ॲप जिल्ह्याच्या गावातल्या स्थापत्य शाखेच्या लॅबमध्ये पोचवायचं आहे, जिथे दहा मशीनवर उबुंटूच्या तीन आवृत्त्या आहेत आणि इंटरनेट रडतखडत चालतं. पॅकेजचा प्रश्न त्या लॅबमध्ये खरा होतो. नाहीतर मास्तर म्हणतात, ‘सोडा, चोरीचं महागडं सॉफ्टवेअरच टाकू.’

आणखी एक कसोटी आपली, मराठीची. पेटीत बंद ॲपमध्ये मराठी टाइप होतं का? क्यूटीवर बांधलेल्या ॲपइमेजमध्ये आयबसचा प्लगइन घालायला लेखक विसरला, तर कीबोर्ड मराठीवर असूनही अक्षरं इंग्रजीच उमटतात. फ्लॅटपॅकमध्ये मशीनवरचे फाँट आत दिसतात आणि आयबससाठी पोर्टलची वाट असते, तरीही तपासलंच पाहिजे. ‘वाऱ्यावर’ हा शब्द टाइप करून बघा. त्यातला ऱ्य नीट उमटला, तर बाकीचं बहुधा उमटेल.

तर निवड काय? माझं मत सांगतो. डेस्कटॉपवरच्या मुक्त ॲपसाठी पहिली पेटी फ्लॅटपॅक, कारण ओझं वाटलं जातं आणि किल्ली एकाच कंपनीच्या हातात राहत नाही. रनटाइमसकट पेन ड्राइव्हवर नेण्याची सोयही त्यात आहे. सोबत एक ॲपइमेज ठेवा, ज्या मशीनवर काही बसवायची मुभाच नाही त्यांच्यासाठी. मूळ कोड बांधण्याची रीत स्वच्छ लिहून ठेवा, म्हणजे डेबियनच्या एखाद्या देखभालकर्त्याला वाटलं तर तो उचलेल. स्नॅप मागणी आली तरच, कारण प्रत्येक पेटी म्हणजे दर आवृत्तीला एक जादा काम.

आणि फॉरमॅट ठरवण्याआधी कागदावर एक नाव लिहा: पुढची पाच वर्षं हे पॅकेज कोण बांधणार? ती जागा कोरी राहिली, तर कुठलीही पेटी घ्या, दोन वर्षांत तिला गंज चढेल.